चेटकिणीचा चेहरा

"ही नाही चालणार." लेखकानं चित्र प्रकाशकाच्या टेबलावरून परत सरकवलं. "ही चेटकीण कुठे आहे? ही शेजारची आजी आहे. हिच्याकडे बघून किळस यायला हवी, किळस!"

चित्रकार बाईनं चित्र उचलून घेतलं. मुखपृष्ठाचं हे तिसरं चित्र होतं. आज जमलं नाही, तर या मालिकेचं काम लेखकाच्या भाच्याकडे जाईल, असं प्रकाशकानं तिला सकाळीच सांगून टाकलं होतं. भाच्याला धड मांजर काढता येत नव्हतं. पण मामा लेखक होता.

"पुन्हा समजावतो," लेखक खुर्चीत रेलला. "माझ्या राज्यात जादूगारीण असते विशीतली. मोकळे केस, नाजूक कंबर. नायकाच्या प्रेमात पडली, की मंत्र विसरते. आणि चाळिशी उलटली तरी जिला मंत्र आठवतात, ती चेटकीण."

"का बरं?"

"का म्हणजे? बाईच्या डोक्यात विद्या फार दिवस राहिली, की नासते. दुधासारखी!"

स्वतःच्याच विनोदावर तो खो खो हसला. प्रकाशकालाही हसावं लागलं.

चार खंड हाच न्याय चालला होता. मांत्रिक म्हातारा झाला, की राजे त्याच्या पायाशी बसणार. बाई म्हातारी झाली, की तिच्या नाकावर मस येणार. एवढी अक्कल पाजळून हा गृहस्थ नावारूपाला आला होता. वाचणारेही धन्य!

बाईनं कोरा कागद घेतला आणि खिडकीचा उजेड बघून ती लेखकासमोर येऊन बसली. "तुम्ही बोलत राहा. मी ऐकता ऐकता काढते."

बोलायचा आग्रह त्याला कधी करावा लागत नसे. चेटकिणीच्या डोळ्यांत मत्सर हवा. खालचा ओठ लोंबता हवा. मग त्यानं कोपऱ्यात मुद्रितं तपासत बसलेल्या वयस्कर बाईंकडे हनुवटीनं खूण केली.

"नमुना हवा असेल, तर इथेच आहे की!"

त्या बाईंनी मान वर केली नाही, पण त्यांचे कान लाल झाले. चित्रकार बाईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग तिची पेन्सिल भराभर चालू लागली.

कागद समोर आला, तसा लेखक उठून उभाच राहिला.

"आता कशी! काय ध्यान आहे, अहाहा! हे बटबटीत डोळे बघा. सगळं कळतं असा आव, आणि आत नुसता ठणठणगोपाळ! बघताक्षणी दोन ठेवून द्याव्यात, असं वाटतं की नाही?"

प्रकाशकाला एकदम खोकला आला.

"नाकावर एक मस तेवढा द्या," लेखक म्हणाला. बाईनं दिला. "कुणाला बघून काढलीत, सांगा ना?" असं म्हणत त्यानं कोपऱ्याकडे बघून डोळा मारला.

"असंच, येताजाता पाहिलेलं. मंजुरीची सही करता ना?"

त्यानं झोकात सही केली. भाच्याचा पत्ता कटला.

प्रकाशनाच्या दिवशी तेच चित्र पुरुषभर उंच करून मंचावर लावलं होतं. सगळ्या प्रती छापून झाल्या होत्या. लेखकानं चित्राशेजारी उभं राहून हवे तेवढे फोटो काढून घेतले. भाषणात तो म्हणाला, "अशा बाईबरोबर एक दिवसही काढावा लागला, तर माणूस वेडा होईल." टाळ्या पडल्या.

पहिल्या रांगेत चित्रकार बाईशेजारी लेखकाची बायको बसली होती. आपल्या बायकोला पुस्तकातलं काही कळत नाही, असं तो चारचौघांत सांगत असे. ती बराच वेळ चित्राकडे टक लावून बघत होती. मग तोंडावर रुमाल धरून ती चित्रकार बाईच्या कानाशी वाकली.

"मागे ऑपरेशनच्या वेळी यांची मिशी काढली होती ना, तेव्हा अगदी अस्सेच दिसत होते हे."