घोंगड्यांखालचं ऊन

संध्याकाळी साडेचार वाजता विल्सन यलोहेअरच्या घरातलं ऑक्सिजनचं यंत्र नव्या बॅटऱ्यांवर सुरू झालं.

ब्लॅक मेसा पठाराच्या या बाजूला विजेची तार पोचलेली नाही. सौरऊर्जेच्या जुन्या चार पॅनेलांवर हिवाळ्यात यंत्र रात्रभर चालत नसे, आणि विल्सनचा राखीव सिलिंडर संपत आला होता. म्हणून त्याच्या बायकोच्या भावाने, लेलंडने, आज आणखी सहा पॅनेलं आणि नव्या बॅटऱ्या जोडल्या.

"दाजी, घोरतंय ते यंत्र की तुम्ही?" लेलंडने विचारलं.

"तुझी बडबड ऐकू येतेय, म्हणजे मी अजून नरकातच आहे," विल्सन म्हणाला.

त्याची बायको डेल्फीन हसली आणि कित्येक दिवसांनी खुर्चीत निवांत टेकली. मीटर सांगत होता, बॅटऱ्या भरताहेत.

लेलंड हत्यारं आवरायला बाहेर गेला आणि तसाच परत आला. जोडणी करताना झटका बसू नये म्हणून पॅनेलं घोंगड्यांनी झाकून ठेवतात.

"ताई, मी घोंगड्या काढल्याच नव्हत्या. दहाही पॅनेलं झाकलेली आहेत."

डेल्फीनने मीटर पाहिला. आकडा चढतच होता. बाहेर सूर्य मेसामागे बुडाला, तरी चढत राहिला.

"काढू का आता?"

तिने एव्हाना झोपी गेलेल्या विल्सनकडे पाहिलं. त्याच्या ओठांचा निळेपणा गेला होता.

"हात लावू नकोस," ती म्हणाली.

पहाटे बर्फ पडला. अंगण, छप्पर, मेंढवाडा, सगळं पांढरं झालं. पॅनेलांवरच्या घोंगड्या मात्र कोरड्या आहेत. अजून कुणी त्या उचललेल्या नाहीत.