तिसऱ्या फळीवरचा शब्दकोश

घर विकून दोन खोल्यांची स्वतःची जागा घ्यायची, एवढंच मला हवं होतं. मुलाने गिऱ्हाईक म्हणून आपल्या साहेबांनाच आणलं. मी चाचरत किंमत सांगितली. साहेब सरळ पुस्तकांच्या मांडणीशी गेले, तिसऱ्या फळीवरचा जाडजूड शब्दकोश काढून त्यांनी मागच्या भिंतीला बोट लावलं. "काका, भिंत ओली आहे की! पाच लाख कमी करा." ती ओल आम्ही बापलेकांनीच शब्दकोशाआड लपवली होती, तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती. मी मुलाकडे पाहिलं. तो मोबाईलमध्ये डोकं खुपसून म्हणाला, "द्या हो बाबा. तुम्हाला कशाला हवी वेगळी जागा? आमच्याकडेच राहा." लपवणारा मीच, कोणत्या तोंडाने बोलणार? मान डोलावली. साहेबांनी मुलाची पाठ थोपटली. "सोमवारी ये, तुझ्या बढतीचं बघू." मुलाने शब्दकोश उचलला आणि जुन्या सवयीने पुन्हा त्याच ओलीवर टेकवला.