दुसरा कप

किडनीदानाला परवानगी देणाऱ्या समितीत प्रश्न मी विचारतो. किडनी नात्यातच देता येते, म्हणून भाड्याने आणलेली बायको माझ्यापुढे टिकत नाही, अशी माझी समजूत.

नवऱ्याला किडनी द्यायला आलेल्या समोरच्या बाईंनी त्याच्या आवडत्या भाजीपासून नणंदेच्या मुलांपर्यंत सगळं घडाघडा सांगितलं. मी खूश होऊन सहीसाठी पेन उघडलं.

तेवढ्यात चहा आला. डायलिसिसवरच्या नवऱ्याने एक कप संपवून दुसरा घेतला. बाई आपला चहा फुंकत बसल्या.

"अहो बाई, यांना पाण्याचा घोटही मोजून द्यायचा असतो! अडवत का नाही?"

"हे दलालानं शिकवलंच नाही, साहेब." त्यांनी कप खाली ठेवला. "आता मला कापणार नाहीत ना?"

पेन मिटलं. सगळ्यांनी माझ्या नजरेचं कौतुक केलं. मी विनयाने दुसरं बिस्किट उचललं आणि मधुमेह्याच्या सवयीने आधी बायको आसपास नाही ना, ते पाहिलं.