दुखण्याचा पुरावा

कुंदाच्या पोटात सहा महिने कळा येत होत्या आणि तिचा नवरा दामोदर त्याला सोंग म्हणत होता. शेवटी त्यानेच दुखणं टिपणारी स्कॅनची गाडी दारात बोलावली. "आता हिचं पितळ उघडं पडेल," तो शेजाऱ्यांना ऐकवत होता.

गाडीतल्या पडद्यावर कुंदाचं पोट लालभडक दिसलं. तंत्रज्ञ फरीदाताई दचकल्या. "एवढं दुखत असताना या उभ्या कशा राहिल्या? आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं."

"म्हणजे खरंच दुखत होतं की!" म्हणत दामोदर गाडीत चढू लागला.

कुंदाने त्याच्याकडे पायपुसण्याकडे बघावं तसं बघितलं.

"तुम्ही उतरा," ती म्हणाली. "मी मेले तर फोटो पाठवतील. तेव्हाच तुम्हाला पटेल."