सुरीचा खिमा

सूनबाईनं बोकडाच्या मांडीचा तुकडा पाटावर ठेवला, तसे आप्पा खुर्ची ओढून स्वयंपाकघरातच येऊन बसले. चाळीस वर्षं मटणाचं दुकान चालवलेला माणूस. दुसऱ्याच्या हातात सुरी दिसली की त्यांच्या जिवाला चैन पडत नसे. त्यात हा हात कपडे शिवणाऱ्या बाईचा.

दहा दिवसांपूर्वी दातांच्या डॉक्टरांनी त्यांचे उरलेसुरले दात काढून टाकले होते. कवळी बसायला अजून तीन महिने होते, तोवर दूधभात. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, इथं नेमकं उलटं झालं होतं. आप्पा दूधभाताला नाक मुरडत, दोन घास गिळत आणि ताट बाजूला सारत. काल अंघोळ करून बाहेर येताना दारातच त्यांना भोवळ आली, तेव्हा मात्र घरातल्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"खिमा आणतो," मुलगा सकाळी म्हणाला होता. "चावायला लागत नाही."

"माझ्या खिम्याच्या यंत्रात आयुष्यभर काय काय गेलं, ते मला विचार," आप्पा बोळक्या तोंडानं म्हणाले. "शिरा, पडदे, संध्याकाळी उरलेलं. लोक आवडीनं न्यायचे. मी कधी तोंडात घातला नाही."

सूनबाई स्वतः बाजारात जाऊन अख्खी मांडी घेऊन आली. हाड काढून उकळत ठेवलं, मटण बर्फाच्या कप्प्यात टाकलं आणि मशीनवर जाऊन बसली. एक ब्लाउज शिवून झाल्यावरच ती उठली.

आता ते मटण पाटावर होतं. वरून कडक, आत अजून मऊ.

"गार का केलंस?" आप्पांनी विचारलं.

"सुळसुळीत कापड कात्रीखालून पळतं. म्हटलं, हेही पळत असेल."

आप्पांनी स्वतःचा डावा अंगठा चोळला. एवढं कळायला त्यांना दोन वर्षं लागली होती आणि डाव्या अंगठ्याचं टोक गेलं होतं.

तिनं तुकडा खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिला. धागे कुठून कुठे जातात ते बोटानं चाचपलं. वरच्या पांढऱ्या पडद्याखाली सुरीचं टोक सरकवलं, पडदा ताणून धरला आणि एका ओढीत लांबच्या लांब पट्टी काढली. आप्पा डोळ्यांत तेल घालून चूक शोधत होते. शेवटी एकदाची सापडली.

"थांब. त्या चरबीत गाठ आहे, करडी. ती काढ, नाहीतर सगळं कडू होईल."

तिनं चरबी उकलली. सुपारीएवढी गाठ निघाली.

"मला नसतं कळलं," ती म्हणाली.

"शिवणकामात नसते ती," आप्पा म्हणाले. त्यांना जरा बरं वाटलं.

मग तिनं धाग्यांच्या बरोबर आडव्या चकत्या केल्या, चकत्यांच्या पट्ट्या, पट्ट्यांचे चौकोन. घाई नाही, जोर नाही. चौकोन बारीक होत होत साबुदाण्याएवढे झाले, पण एकही ठेचला गेला नाही की पाटाला चिकटला नाही. आप्पांनी चिमूटभर उचलून दोन बोटांत चोळलं. शीर लागते का ते पाहिलं, परत चोळलं आणि ठेवून दिलं. मग नुसते तिच्या मनगटाकडे पाहत राहिले. असं मनगट दुकानात एकाही गड्याचं नव्हतं, हे त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं आणि कबूल केल्याचा त्यांना राग आला नाही.

तिनं पसरट भांड्यात कांदा परतला, आलं-लसूण आणि मिरपूड घातली. मटण टाकल्यावर झाकण ठेवलं नाही. सुटलेलं पाणी आटून चरचर ऐकू येईपर्यंत ती हलवत राहिली, मग हाडाचं पाणी ओतून मंद आचेवर शिजू दिलं. उरलेल्या पाण्यात मऊ भात शिजवला. दोन्ही एकत्र कालवून ताट आप्पांच्या पुढ्यात ठेवलं आणि ओटा पुसायला लागली. ओटा आधीच पुसलेला होता.

आप्पांनी पहिला घास घेतला. जिभेनं इकडून तिकडे फिरवला, हिरड्यांनी दाबून पाहिला. गिळला. दुसरा जरा मोठा घेतला. तिसऱ्या घासाला त्यांनी मान खाली घातली, ती वर केलीच नाही.

मुलानं दारातून डोकावून पाहिलं. "आप्पा, खिमा खाताय?"

"खिमा नाही हा. कापलेलं मटण आहे. तुला फरक कळणार नाही, तू जा."

ताट चाटूनपुसून स्वच्छ झालं.

"बरं झालंय?" सूनबाईनं पाठमोरीच विचारलं.

आप्पांनी रिकामं ताट पुढं सरकवलं. दुकानात तीन गडी होते, पण जुनं गिऱ्हाईक आलं की आप्पा गड्याला बाजूला करून स्वतः सुरी उचलत. अंगात ताप असला तरी त्यांनी ते काम कुणावर सोपवलं नव्हतं.

"अजून वाढ," ते म्हणाले. तिनं वाढेपर्यंत थांबले. मग भात कालवत, ताटाकडेच पाहत म्हणाले, "दुकान चालू असतं ना, तर जुनी गिऱ्हाइकं तुझ्याकडे पाठवून मी गल्ल्यावर बसलो असतो."