दहा सेकंदांची चाचणी

चौदा महिन्यांनी इंद्रजित फौजेतून सुट्टीवर आष्ट्याला येत होता. त्याच्या बायकोच्या, राणीच्या, अंगात आनंद मावत नव्हता. तिनं लॅपटॉपवर उलटे सेकंद मोजणारा छोटा प्रोग्राम लिहिला. शून्य झालं की काळ्या पडद्यावर ‘आला!’ उमटणार होतं. चाचणीसाठी तिनं दहाच सेकंद टाकले.

“तीन, दोन, एक... आला!” ती मोठ्यानं ओरडली.

मोतीबिंदू झालेली सासू साळूबाई धडपडत दाराशी गेली. रिकाम्या उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून म्हणाली, “ये रं लेकरा, आत ये.”

“आवं आत्या, खोटं खोटं हाय ते!” राणी खळखळून हसली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. इंद्रजित होता. “राणे, आत्ताशी उंब्रज आलंय. घरी पोचायला अजून दोन तास तरी लागतील.”

माजघरात जड बूट काढल्याचा आवाज झाला. एक, मग दुसरा.

साळूबाई पाण्याचा तांब्या घेऊन लगबगीनं आत निघाली.