आढ्यापलीकडचं टोक

"आप्पा, तेवढं टोक बांधा की ओ!"

दिपाली पत्र्यावर पालथी पडून ओरडत होती. नायलॉनचा जाड दोर तिनं आढ्यावरून पलीकडं भिरकावला होता. टोकाला बांधलेला दगड बरोबर चुलत्याच्या अंगणात जाऊन पडला. नेम असा, की शाळेत गोळाफेकीला बक्षीसच मिळालं असतं. पण इथं बक्षीस देणार कोण? गुंडू आप्पांनी वर बघितलं. दोराकडं बघितलं. पाठ फिरवली आणि गोठ्यात शिरले.

सीमाभागातल्या उचगावातलं हे घर वाटणीत आढ्यावरून चिरलं होतं. छपराचं अलीकडचं पाखं दिपालीच्या वडिलांचं, पलीकडचं थोरल्या गुंडू आप्पांचं. तेव्हापासून दोन्ही घरांत अबोला. गेल्या आठवड्यात दिपालीच्या आक्काला, रेश्माला, मुलगी झाली. सोयर मात्र दोन्ही दारांत बसलं. देवापुढचा दिवा इकडंही बंद, तिकडंही बंद. माणसांशी भांडता येतं, सोयराशी कोण भांडणार!

आणि आता समुद्रात चक्रीवादळ उठलं होतं. सकाळपासून मोबाइलवर कन्नडमधून सूचना येत होत्या, टीव्हीवर मराठीतून. पत्र्याची घरं आवळून घ्या, म्हणे. वडील मच्छे गावच्या कारखान्यात अडकलेले, वाटेत झाडं पडलेली. दिपालीनं आणि तिच्या आईनं, जयाबाईनं, दोघींनीच गवताची गंजी बांधली, म्हैस मोकळी सोडली, वाळूची पोती पत्र्यावर चढवली. राहिला हा दोर. आणि दोराचं असं असतं, तो एका पाख्यापुरता बांधता येत नाही. दोन्हीकडून ताणला तरच छप्पर धरतो. आप्पांचं पाखं उडालं, तर यांचं त्याच्या मागोमाग जाणार. आणि यांच्याच पाख्याखाली बाळंतिणीची बाज होती.

"उतर खाली," आई अंगणातून ओरडली. "त्यो मानूस मरंल, पर तुझं टोक बांधायचा न्हाय."

"मग आक्काला समोरच्या स्लॅबच्या घरात नेऊया की!"

"बारशाच्या आत बाळंतीण उंबऱ्याभायेर काढू? असल्या वाऱ्यात? खुळी का काय गं तू!"

दिपाली उतरली. हातातलं टोक तिनं सोडलं नव्हतं. तेवढ्यात वारा आला. आला तो सगळं गाव एकदम उचलायला आल्यासारखा. आंब्याची फांदी कडाडली. पावसाचा मारा आडवा सुरू झाला. कोपऱ्यातला पत्रा उचकटला, दोनदा आपटला आणि गेला. आत बाळानं टाहो फोडला.

आणि दोराला हिसका बसला. दोर सर्रकन पलीकडं निघाला.

"आई! आप्पा दोर वढालेत! आपला दोर लंपास करालेत!"

दिपालीनं म्हशीच्या खुंटाला वेढा टाकला. एका हिसक्यात भिजल्या मातीतून खुंटच उपटून आला. मग तिनं जोत्याला पाय लावले आणि दोर मनगटाभोवती गुंडाळून मागं झुकली. आईनं तिला कमरेतून मिठी घातली. दोघी मायलेकी ओढत होत्या आणि पलीकडून तो माणूस ओढत होता. इकडून जोर लावला की तिकडून दुप्पट जोर.

"वाटणीत आमची इहीर खाल्लीस!" आई आढ्याकडं बघून किंचाळली. "आता दोर बी खा, मुडद्या!"

वाऱ्यात ते कुणाला ऐकू जाणार? पलीकडून कसलासा ओरडा येत होता, पण तोही अर्ध्यातच उडून जात होता. शिव्याच असणार, दुसरं काय!

"आई, पत्रा वर उटालाय गं!" आतून आक्का रडत होती.

"बाळाला पोटाखाली घे! भित्तीला चिकटून ऱ्हा!"

दिपालीच्या तळहातांची सालं निघाली. डोळ्यांत पाणी पावसाचं की रडण्याचं, ते तिचं तिलाच कळेना. घर उडायला आलेलं. बाळ पत्र्याखाली. आणि ह्या माणसाला दोर पाहिजे! आजवर तिनं कुणाचा एवढा राग राग केला नव्हता. देवा, ह्याचे हात मोडू देत, ती दात खाऊन म्हणाली आणि आणखी मागं झुकली.

मग एकाएकी वारा पडला. झाडं थबकली. दोर मात्र तसाच ताठ. अजून ओढतोयच!

"आई, तू धर. मी बघतेच त्यांच्याकडं."

"जाऊ नगं गं! तुडवंल तुला त्यो!"

दिपालीनं आईच्या कमरेला दोराचा वेढा दिला. उपटलेला खुंट हातात घेतला आणि घराला वळसा घालून पळत सुटली. वाटणीपासून ज्या कुंपणाला तिनं हातसुद्धा लावला नव्हता, ते एका ढांगेत ओलांडलं. तोंडात शिवी तयार होती. अशी शिवी तिनं जन्मात कुणाला दिली नव्हती.

गुंडू आप्पा चिखलात उताणे पडले होते. दोन्ही पाय भिंतीला रेटलेले. दोर कमरेला दोनदा गुंडाळलेला, आणि तिथं सदरा रक्तानं भिजलेला. नागुबाई काकी त्यांच्या खांद्यांना धरून मागून ओढत होती. शेजारी जमिनीतून उपटलेली लोखंडी पहार पडली होती, मुठीएवढ्या मातीच्या ढेकळासकट.

खुंट धरलेला दिपालीचा हात वरच्या वर राहिला.

आप्पांनी मान वळवली. तिला बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"पोरी, तू हिकडं आलीस?" ते जीव तोडून ओरडले. "मग तिकडं कोन धरलंय?"